डावीकडचे नट

टोचनवाल्याने साखळी सोडली तशी निळी प्लिमथ डाव्या अंगाने लंगडत ट्रकवरून खाली आली. कुबियाक गॅरेजच्या दारात बूशा कमरेवर हात ठेवून उभी होती. तिने गाडीकडे बघितलं नाही. आधी सुनेकडे बघितलं.

सून, व्हर्लीन, हात पुसत होती. पुसून झाले तरी पुसत होती.

बूशाचं खरं नाव जेनेव्हीव्ह. त्या नावाने हाक मारणारा एकच माणूस होता, तिचा नवरा कॅसिमिर, आणि तो जाऊन अकरा वर्षं झाली होती. बाकी अख्ख्या हॅमट्रॅमक गावाची ती बूशा, म्हणजे इथल्या पोलिश लोकांच्या बोलीत आजी. शाळा तिने सहावीत सोडली होती, पण कार्ब्युरेटर डोळे मिटून जोडायची. आता गुडघे गेले होते, म्हणून ती काउंटरवर बसायची आणि गाड्यांखाली व्हर्लीन जायची. मुलगा रिची सहा वर्षांपूर्वी कुणा बाईच्या नादाने ॲरिझोनाला पळाला. सून मात्र राहिली. कुणी राहा म्हटलं नव्हतं, जा म्हणायची सोय नव्हती. केंटकीच्या डोंगरातली पोर, तिला कोबीची पोळी लाटता येत नाही, रविवारी चर्चमध्ये मासला जात नाही, हे बूशा येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायची. तिच्या हाताला ब्रेकची नस कळते, हे मात्र कुणाला सांगायची नाही.

सकाळी आठला डॉक्टर ट्रिपचा फोन आला होता. हा दातांचा डॉक्टर, आता निवृत्त, चौसष्ट सालची प्लिमथ बाळगून होता आणि दर वसंतात, बर्फ वितळलं की, ती सर्व्हिसिंगला इथेच आणायचा. ऑइल बदलायचं, ग्रीस भरायचं, चाकं काढून ब्रेक बघायचे. शुक्रवारी गाडी नेली होती. आज सोमवारी वूडवर्ड रस्त्यावर पुढचं डावं चाक डुगडुगायला लागलं, दोन बोल्ट तुटले आणि गाडी कडेच्या दगडावर चढली. शेजारी त्याची बायको बसली होती. डावीकडचे नट तुमच्या बाईने ढिले सोडले, असं तो फोनवर म्हणाला. जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या सगळ्यांना सांगणार असंही म्हणाला.

बूशाने फोन ठेवला आणि शेजारचा टायरवाला, टपाल द्यायला आलेली बाई आणि वाट बघत बसलेली दोन गिऱ्हाइकं यांच्यासमोर व्हर्लीनला झाडलं. माणसाचा जीव गेला असता म्हणाली. कॅसिमिरने पन्नास वर्षांत मिळवलेलं नाव तू पाच नटांपायी घालवलंस म्हणाली. उद्यापासून येऊ नकोस, टोलीडोच्या भाच्याला बोलावते, असंही म्हणून टाकलं.

व्हर्लीन एवढंच म्हणाली होती, गाडी बघते आणि मग जाते.

आता गाडी समोर होती. डॉक्टर ट्रिप ट्रकमधून उतरला. दाढी केलेली नव्हती, कोटाची बटणं वरखाली लागली होती, त्यामुळे बूशाला त्याची कीव आली आणि सुनेचा राग दुप्पट झाला.

व्हर्लीन चाकापाशी उकिडवी बसली. डॉक्टरने हिवाळ्यात चाकं स्वतः रंगवली होती, बोल्टांच्या टोकांसकट, पांढरीशुभ्र. तिने नखाने एका टोकावरचा रंग खरवडला आणि खाली काय आहे ते बघितलं.

"डॉक्टर, तुम्ही सांगा हिला," बूशा म्हणाली. "माझ्यासमोर सांगा. किती ढिले होते?"

डॉक्टरला तेच हवं होतं. त्याने सगळं पहिल्यापासून सांगितलं. रविवारी सकाळी त्याने स्वतःचा पाना काढला आणि चारही चाकांचे नट तपासले. उजवीकडचे पक्के होते, दगडासारखे, एकही हलला नाही. डावीकडचे मात्र सगळे, पुढचे पाच आणि मागचे पाच, जरा जोर लावला की वळत होते. त्याने एकेक नट चांगला अर्धा फेरा आवळला. तरी बघा काय झालं. मी तपासलं नसतं तर घराच्या फाटकातच चाक निघालं असतं, असं तो म्हणाला.

"ऐकलंस?" बूशा सुनेला म्हणाली. "दातांचा डॉक्टर तुझं काम निस्तरतोय."

व्हर्लीनने पाना उचलला आणि डॉक्टरपुढे धरला.

"मागचं डावं चाक अजून जागेवर आहे," ती म्हणाली. "कसे आवळलेत ते दाखवा."

डॉक्टरने पाना लावला आणि उजवीकडे फिरवला, जसा सगळं जग फिरवतं तसा. नट सहज वळला. पुन्हा फिरवला. तिसऱ्यांदा फिरवल्यावर नट पान्यातच राहिला आणि पाना त्याच्या हातात आला.

टायरवाला भिंतीकडे तोंड करून खोकला.

त्या गाड्यांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात. आवळायचं ते डावीकडे फिरवून, सोडायचं ते उजवीकडे. बोल्टाच्या टोकावर तशी खूण कोरलेली असते, ती आता पांढऱ्या रंगाखाली गेली होती. बूशाला हे लग्नाआधीपासून माहीत होतं. आणि तरी सकाळपासून, 'डावीकडचे' हा शब्द दोनदा ऐकूनही, तिच्या डोक्यात उजेड पडला नव्हता. राग डोक्यात इतका भरलेला होता की दुसरं काही शिरायला जागाच नव्हती.

मग तिचं तोंड सुटलं. अहो-जाहो गेलं.

"पंचवीस वर्षं ही गाडी बाळगतोस तू? दर रविवारी फडक्याने पुसतोस, पोरीसारखी मिरवतोस, आणि हिचे आटे कुठल्या बाजूचे ते तुला ठाऊक नाही? दात काढताना पण असंच करायचास का रे? हलला की घट्ट झाला म्हणायचास?"

डॉक्टरचे कान लाल झाले. माझी पोर उन्हाळा-हिवाळा तुझ्या गाडीखाली लोळते, बूशा म्हणत होती, आणि तू क्लबात तिचं नाव खराब करणार होतास. आधी तिची माफी माग. माझी नको, तिची. सकाळी जे जे लोक समोर होते त्यातला टायरवाला आणि बाकावरची दोन गिऱ्हाइकं अजून इथेच आहेत, त्यांच्यासमोर माग.

'माझी पोर' हे ऐकून व्हर्लीनने मान वर केली होती.

"मी मागतो," डॉक्टर म्हणाला. आवाज बारीक झाला होता, पण माणूस खोटा नव्हता. "पण बूशा, नट आवळून बघा हे मला तुम्हीच सांगितलंत. शुक्रवारी, काउंटरवर. पन्नास मैल झाले की एकदा आवळून बघा म्हणालात. कुठल्या बाजूला ते नाही सांगितलंत."

बूशाने मागे वळून काउंटरकडे बघितलं.

शुक्रवारी व्हर्लीन बाहेर आली होती. प्रत्येक गिऱ्हाइकाला ती चाकापाशी बसवायची, कुठला नट कुठल्या बाजूला आवळायचा ते बोट लावून दाखवायची. त्या दिवशीही, डॉक्टर एक मिनिट, असं म्हणत ती पुढे आली होती. बूशाने तिला अडवलं होतं. एवढ्या जुन्या गिऱ्हाइकाला शिकवतेस काय, जा, हात धुऊन ये, म्हणाली होती. आणि किल्ली स्वतःच्या हाताने दिली होती, कारण किल्ली देणं हे मालकिणीचं काम.

व्हर्लीन उभी राहिली. तिने सासूकडे बघितलं नाही.

"सांगायचं काम माझं होतं," ती डॉक्टरला म्हणाली. "मी विसरले."

इतक्या सरळ आवाजात म्हणाली की डॉक्टरने मान डोलावली. बाकावरच्या दोघांनीही. गोष्ट तिथे मिटत होती. बूशाने नुसतं गप्प राहायचं होतं.

बूशाचा चेहरा सकाळपेक्षाही लाल झाला.

"खोटं बोलू नकोस," ती सुनेवर खेकसली. "कुणी सांगितलं तुला माझ्यासाठी खोटं बोलायला? मी काय पांगळी आहे? ही सांगायला आली होती, डॉक्टर. मी हिला हात धुवायला पाठवलं. गाडी मी दिली. अर्धवट मी सांगितलं." मग बाकाकडे वळून, जणू त्यांचाच गुन्हा होता अशा आवाजात, "सकाळी मी जे बोलले ते ऐकलंत ना? मग हेही ऐका. चूक हिची नव्हती. माझी होती."

बाकावरच्या एकाने टोपी काढली आणि का काढली ते न कळून परत घातली.

बूशा अजून धापा टाकत होती. कुणीतरी काहीतरी बोलावं, उलट बोलावं, म्हणजे आणखी भांडता येईल, अशी ती उभी होती.

"आता याला सांग," ती शेवटी सुनेला म्हणाली. "नीट सांग. आणि मग गाडी आत घे, बोल्ट बदलायला हवेत."

व्हर्लीनने डॉक्टरला मागच्या चाकापाशी बोलावलं. तो गुडघे मोडून बसला. ती त्याच्या शेजारी बसायला गेली, पण मध्ये बूशा उभी होती.

"सरका जरा," व्हर्लीन म्हणाली.

बूशा सरकली.