कॉम्प्युटरनं लावलेली जोड

फाईल तर आली होती, पण उघडेना. दीपानं दोनदा क्लिक केलं की कॉम्प्युटर विचारायचा, हिला कशात उघडू? हे दीपालाच ठाऊक असतं तर काय पाहिजे होतं! मिरजगावात रस्त्याकडेला तिचं झेरॉक्सचं दुकान. सातबारा, पीकविमा, परीक्षेचे फॉर्म, सगळं तिनं हाताळलेलं. पण शेपटाला 'एसक्यूएल' लावलेली फाईल बापजन्मात पाहिली नव्हती. गडबडीत तिनं गाणी वाजवायचा प्रोग्राम निवडला. फाईल काही वाजेना.

"आगं, मैदानात मानसं जमल्यात अन् तू गानी लावती व्हय?" जत्रा कमिटीचे अध्यक्ष सहादूअण्णा मानगुटीवरच उभे होते.

दरसाल जत्रेतल्या कुस्त्यांच्या हगाम्यात जोड लावताना गावं भांडायची. आमचा पोरगा हलका, समोर टोणगा दिला! म्हणून औंदा अण्णांनी पैलवानांची नोंदणी मोबाईलवर घेतली आणि सगळ्यांना भंडारा उचलून शपथ घ्यायला लावली: जोड कॉम्प्युटर लावंल, ती कुनी मोडायची न्हाई. ज्यानं ॲप केलं तो पुण्याचा इंजिनियर ही फाईल धाडून गडावर फिरायला गेला, आणि फोनची रेंजही खालीच सोडून गेला.

शेवटी फाईल नोटपॅडमध्ये उघडली. वर इंग्रजीची गर्दी, कंसच कंस. खाली एकेका ओळीत नाव, गाव आणि दोन आकडे.

"वरचं काय हाय ह्ये?"

"कळंना, अण्णा. जरा वाचू द्या की."

"कुस्तीला इंग्रजी कशाला? उडव त्ये! पयला आकडा वजनाचा, दुसरा बिल्ल्याच्या लंबराचा. वजनच आदी घेतलं हुतं आपन."

दीपानं उडवलं. पहिल्या आकड्यानं नावं चढती लावली, शेजारच्या दोघांची एकेक ओळ केली. कागद प्रिंटरमधून पुरता सुटायच्या आत अण्णांनी ओढला आणि गाडीला किक मारली.

थोड्या वेळानं मैदानातला भोंगा दुकानापर्यंत ऐकू यायला लागला. माईकवर अण्णाच.

"मिरजगावचा प्रवीण! वजन अठ्ठ्याऐंशी किलो!"

दीपा दारात आली. प्रवीण तिचा धाकटा भाऊ. घागरभर पाणी पाजून तोलला तरी पंचावन्नच्या वर जायचा नाही.

"अन् त्येच्यासमोर श्रीगोंद्याचा भीमा! वजन एकोननव्वद!"

भीमा सकाळी फोटो काढायला दुकानात आला होता. बसला तेव्हा खुर्ची चिरली होती.

दीपानं मूळ फाईल पुन्हा उघडली आणि आता वरचं इंग्रजी बोट ठेवून वाचलं. 'क्रिएट टेबल'. म्हणजे तक्ता तयार कर. पुढं कंसात कप्प्यांची नावं, खाली ज्या क्रमानं माल भरलाय त्याच क्रमानं. नाव, गाव, बॅज, वेट. बॅज आधी! पहिला आकडा बिल्ल्याचा! गेल्या सालचे बिल्ले बेचाळीसपासूनचेच उरले होते, म्हणून नंबर तिथून सुरू केलेले; आणि बिल्ले वाटायचेच राहून अजून अण्णांच्या डिकीत पडून होते, म्हणून आपला नंबर कुणालाच ठाऊक नव्हता. प्रवीण, बिल्ला अठ्ठ्याऐंशी, वजन चोपन्न. भीमा, बिल्ला एकोणनव्वद, वजन एकशेचार.

तिनं पानं छापली आणि स्कूटी अशी पळवली की रस्त्यातल्या कोंबड्या अजून तिला शिव्या देत असतील.

प्रवीण लंगोट कसून आखाड्यात उभा होता. "पव्या, बाहेर ये!" दीपा कडेवरून ओरडली.

"आक्का, पाव्हनी मानसं बघत्यात. घरी जा तू."

"मला बी लाजच वाटतीय, ताई," भीमा खाली मान घालून म्हणाला. "पर भंडारा उचललाय."

ती अण्णांकडं धावली. "अण्णा, त्यो आकडा बिल्ल्याचा हाय! माझी चूक झाली, वरचं पुसलं मी. थांबवा!"

अण्णांनी माईकवर हात ठेवला. "आता जोड मोडली तर समदी गावं मला मोडतील. शपथ म्हंजी शपथ."

शिट्टी वाजली. हलगी तापली. भीमानं मानेवर पंजा टाकला आणि प्रवीणचे गुडघे वाकले.

दीपाची नजर अण्णांच्या हातातल्या जोडींच्या कागदाच्या पहिल्या ओळीवर गेली. तिनं अण्णांच्या हातातला माईक हिसकला.

"मंडळी, पयली जोड लावायची राह्यलीय! कोपरगावचा कानिफनाथ!"

कोपऱ्यातून एक दांडगा गडी उठला. "मी कवाचा बसलोय! माझी जोड कुटंय?"

"सहादूअण्णा!"

ॲपचं उद्घाटन नारळ फोडून झालं, तेव्हा पहिली नोंद अण्णांचीच केली होती. पण गावातल्या कुठल्याही कागदावर वर अण्णांचंच नाव असतं, म्हणून दीपाला ते खटकलं नव्हतं. अण्णांनीही ती ओळ मथळा समजून गाळली होती.

"कॉम्प्युटरनं लावलीय," दीपा म्हणाली. "मोडायची न्हाई."

कानिफनाथानं अण्णांना टोपीपासून वहाणेपर्यंत न्याहाळलं आणि शड्डू ठोकला. मैदान उसळलं. "अण्णा, धोतर सोडा!" "लंगोट हाय का, का देऊ माझा?"

आखाड्यात भीमानं प्रवीणला कमरेवर उचललं होतं.

अण्णांनी झडप घालून माईक घेतला. "थांबा! तांत्रिक अडचन! समद्या जोडी रद्द! भीमा, खाली ठिव त्येला... आरं हळू ठिव!"

भीमानं प्रवीणला भरल्या घागरीसारखं अलगद मातीत टेकवलं. तोवर जोडी नव्यानं लावायला पंच उठले आणि गावं नेहमीसारखी भांडायला लागली.

"आक्का," प्रवीण धापा टाकत म्हणाला, "पाडनारच हुतो मी त्येला."

"व्हय रं," दीपा त्याच्या बरगड्या चाचपत म्हणाली. "आदी श्वास घे."