रेषा सुटते तिथे

पडद्यावर दोन रेषा आहेत. तांबडी तळघरातल्या प्रयोगशाळेतल्या खऱ्या अणूंची, निळी आमच्या प्रोग्रामची. डावीकडून निघताना त्या इतक्या जुळलेल्या असतात की एकच दिसते. मग एका जागी केसाएवढी फट पडते. तिथून पुढे तांबडी थरथरत राहते आणि निळी गुळगुळीत होत जाते.

अणू एकमेकांत जसजसे गुंतत जातात, तसतशी ती गुंतागुंत लिहून ठेवायला संगणकाला जागा पुरत नाही. मग प्रोग्राम क्षुल्लक वाटणारे आकडे टाकून देतो. नेमकी त्यांतच ती थरथर असते. जागा दुप्पट केली की फट बोटभर उजवीकडे सरकते. पुन्हा दुप्पट केली, पुन्हा बोटभरच.

प्रोग्राम ह्लाडनिक सरांनी लिहिलेला. ते निवृत्त झाले, बाकीचे दुसरीकडे गेले. आता या खोलीत मी आणि कुणीतरी मागे ठेवलेला निवडुंग. मोठा संगणक मागायची मुदत आज संपते. त्यानेही फट बोटभरच सरकणार, म्हणून मागायचा नाही, हे मी मागच्या हिवाळ्यातच ठरवलं होतं. पण सर दर शुक्रवारी रेषा बघायला येतात. म्हणून प्रोग्राम चालूच ठेवला; रेषाच नसली तर ते कशाला येतील? दुसरं कुणी या खोलीत येत नाही.

दार न वाजवताच ते आत आले. हातात डबा.

"काय नेवा, किती सरकली?"

"बोटभर."

"बघ! म्हटलं नव्हतं? येईल वळणावर. तोंड कशाला पाडून बसलीस? आपल्या ल्युब्लियानात आधीच धुकं काय कमी आहे?" त्यांनी डबा उघडला. घरची पोतित्सा होती, अक्रोडाचं सारण भरलेली गोड पावाची गुंडाळी. "घे. बायको म्हणते, ती मुलगी निवडुंगाहून वाळली."

"निवडुंगाला निदान पाणी मिळतं, सर."

ते खदखदून हसले. मग बाहीने माझ्या कीबोर्डावर पडलेले पोतित्साचे कण झटकले, कीबोर्ड स्वतःचाच असल्यासारखे, आणि फटीवर बोट ठेवून ते थोडं उजवीकडे सरकवलं.

"मोठा संगणक आला की ही इथवर जाईल. मागितलास ना?"

बोट पडद्याच्या उजव्या कडेपासून अजून कितीतरी लांब होतं. बहुधा त्यांनाही ते दिसत होतं. ते कोटाची बटणं लावायला लागले.

"बसा ना," मी म्हटलं. "पोतित्सा संपेपर्यंत तरी बसा. मोठा संगणक मी मागणार नाही, सर. प्रोग्राम आजपासून बंद करतेय."