अण्णांची सुट्टी

रामनवमीचा उत्सव पार पडला आणि देवस्थानच्या पंचांची बैठक सभामंडपात बसली. मांडववाल्यानं किती उशीर केला, प्रसाद कसा पुरला, यावर बोलून झालं. सगळे उठायच्या बेतात असताना मंदिराचे पुजारी वेणीमाधव, म्हणजे माझे वडील, अण्णा, म्हणाले, "माझं एक सांगायचं राहिलंय. मला रिटायर व्हायचंय."

मी चहाचे कप गोळा करत होते, ती तिथंच थांबले. आजोबा गेले तेव्हा अण्णांना नुकतं मिसरूड फुटलं होतं, आणि त्या दिवसापासून पेठेतल्या या रामाची काकडआरती, पूजा, नैवेद्य, शेजारती त्यांच्याकडे आली. त्यानंतर ते एक रात्रही सोलापूरच्या बाहेर राहिले नव्हते. माझं लग्न इथंच झालं ते त्यामुळंच. भावाचा, अद्वैतचा, पुण्यातला पदवीदान समारंभसुद्धा त्यांनी अर्धाच पाहिला आणि शेजारतीसाठी गाडी पकडली.

अध्यक्ष बिभीषणराव मूळचे वळसंगचे, आता शहरात आडत दुकान चालवतात. त्यांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "देवाच्या सेवेतनं कुणी रिटायर होतंय व्हय, गुरुजी?"

"देव नाही होत. पण देवाला गुडघे दुखायचा त्रास नाही," अण्णा म्हणाले. "राजस तयार आहे. दोन वर्षं सगळे उत्सव त्यानंच केलेत."

राजस म्हणजे माझा चुलतभाऊ. त्याची पूजा सगळ्यांनी पाहिली होती, त्यामुळं त्याच्या नावाला कुणी हरकत घेतली नाही. अडलं ते दुसरीकडेच. बिभीषणरावांना गुरुजींचा सत्कार करायचा होता, पत्रिका छापायची होती, आणि पत्रिकेवर काय लिहायचं ते कुणाला सुचेना.

"सेवानिवृत्ती लिहा की," कुणीतरी म्हणालं.

"निवृत्ती म्हणजे इच्छा सुटणं," अण्णा म्हणाले. "माझ्या तर आत्ता कुठं सुरू झाल्यात."

निवृत्त मुख्याध्यापक शहाजी सर घसा साफ करून म्हणाले, "मग सेवापूर्ती घ्या. माझ्या वेळी शाळेनं तोच शब्द छापला होता. भारदस्त वाटतो."

"सर, तुमची शाळेतली सेवा पूर्ण झाली. रामाची सेवा पूर्ण झाली असं मी कुठल्या तोंडानं सांगू?"

बिभीषणरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "ते शब्दांचं ऱ्हाऊ द्या. इच्छा कसल्या म्हणालात, गुरुजी?"

अण्णांचे कान लाल झालेले मी पहिल्यांदाच पाहत होते. मग ते हळूच म्हणाले, "समुद्र बघायचाय. आणि ते गोव्याचं विमान जातं ना आपल्या डोक्यावरून, त्यात बसून जायचंय."

शहाजी सर हसायला लागले, आणि पाठोपाठ सगळा सभामंडप. अण्णाही हसले.

घरी आल्यावर त्यांनी हे सगळं एका दमात आईला सांगितलं. आई कणीक मळत होती. तिनं विचारलं, "आणि नैवेद्य?"

"राजसची इंद्रायणी करेल. तिला तू सगळं शिकवलंयसच की."

आईचे हात कणकेतच थांबले. "म्हणजे उद्यापासून मला पहाटे उठून सोवळ्यात स्वयंपाक नाही?"

"उद्यापासून नाही, एक तारखेपासून."

"म्हणजे मीपण रिटायर?"

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. मीही. ज्या दिवशी ती या घरात आली त्या दिवसापासून रामाचं ताट तिनं वाढलं होतं. ताप असो, माझं बाळंतपण असो, ताट चुकलं नव्हतं. आणि बैठकीत तिचं नावसुद्धा निघालं नव्हतं. माझ्याही तोंडून निघालं नव्हतं.

अण्णांनी पायांत चपला सरकवल्या आणि तसेच बाहेर पडले. ते बिभीषणरावांच्या दुकानाशी पोचेपर्यंत मी मागोमाग धावले. पोत्यांच्या थप्प्यांमधून आत शिरत त्यांनी लांबूनच सांगितलं, "पत्रिकेवर दोन नावं पाहिजेत. रुक्मिणीचं आधी, मग माझं."

"बरं. पण खाली काय लिवायचं?"

अण्णा माझ्याकडे वळले. मी आईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. दुकानातली माणसं वजनकाटा सोडून जवळ आली. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सुट्टी म्हणा. मोठा शब्द नको. मला आयुष्यात ती कधी मिळाली नाही, एकदा छापून तरी येऊ दे."

बिभीषणराव डोळे पुसत म्हणाले, "लई झाक. हेच लिवायचं."

सत्काराला पेठ लोटली. शाल, श्रीफळ झालं. बिभीषणराव भाषणाला उभे राहिले आणि दोनच वाक्यं बोलले, "गुरुजीस्नी अन् काकूंना आजपासनं सुट्टी. संपली का न्हाय, ते त्येंनीच ठरवायचं." टाळ्या थांबेनात. आई एवढी लाजली की तिनं शाल डोक्यावरून ओढून घेतली.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघं होटगी रोडच्या विमानतळावर होतो. अण्णा नवं धोतर नेसले होते आणि सुरक्षातपासणीच्या माणसाला ते आपणहून सगळे खिसे उलटे करून दाखवत होते. खिडकीची जागा कुणाची यावर दोघांचं जमलं नाही, शेवटी आई आधी चढून बसली. विमानानं वेग घेतला तेव्हा तिनं माझा हात घट्ट धरला. चाकं सुटली, आणि तिनं हातही सोडला. "वैदेही, अगं, सिद्धेश्वरचं तळं," ती म्हणाली. अण्णा तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते. तळं तळहाताएवढं झालं, मग शेतं, मग ढग.

दुपार कलल्यावर आम्ही किनाऱ्यावर पोचलो. अण्णा थेट पाण्याकडे निघाले. पहिली लाट पावलांवर आली तेव्हा त्यांनी सवयीनं हात जोडले. दुसरी गुडघ्यापर्यंत आली आणि ते मागं पडता पडता सावरले. मग काष्टा वर खोचून ते लाटांची वाट बघत उभे राहिले. प्रत्येक लाट येताना उडी मारायचे. गुडघेदुखीचं नावही नव्हतं.

आईनं गाडीवरून गरम कांदाभजी घेतली. एक उचलली आणि तिचा हात तोंडापाशी अडखळला. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो. म्हणून तिनं इतकी वर्षं मीठ घातलं ते नुसत्या अंदाजानं, आणि देवाच्या, अण्णांच्या, आमच्या नंतर जेवली. इथं कुणाच्याच आधी-नंतरचा प्रश्न नव्हता. तिनं भजी खाल्ली. दुसरी खाल्ली. मग कागद घेऊन परत गाडीवाल्या बाईकडे गेली.

"मीठ कमी आहे," आई हसत म्हणाली, आणि मिठासाठी हात पुढं केला.

एवढ्यात अण्णा नखशिखांत भिजलेले, धापा टाकत माझ्यापाशी आले. "वैदेही, परतीचं तिकीट परवाचं आहे ना? पुढं ढकलता येतं का ते?"

मी मोबाइल काढला.