तीन भरलेल्या बाटल्या

बस डेपोत वेळापत्रक लावणारा माणूस घरचा कर्ता असला, की सहलीचं काय होतं ते त्याच्या बायकोला विचारा! या गृहस्थांनी आठवडाभर आधीच फ्रिजवर तक्ता चिकटवला होता. साडेपाचला निघायचं. साडेसातला पहिलं थांब्याचं गाव, चहाला दहा मिनिटं. दर दोन तासांनी गाडी सावलीत उभी करून रेडिएटरचं पाणी बघायचं. आणि दुपारी तीनच्या आत राष्ट्रीय उद्यानाचं फाटक गाठायचं, कारण तीननंतर फाटक बंद.

ही सगळी धावपळ त्यांच्या आईसाठी होती. आईंनी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत हरणाचा धडा शिकवला, फळ्यावर शेकडो हरणं काढली, पण रानातलं हरीण एकदाही पाहिलं नव्हतं. आता गुडघे कुरकुरत होते. "एकदा खरं बघू दे रे," त्या म्हणाल्या, "म्हणजे पोरांना थापा मारल्या नाहीत याची खात्री होईल."

निघताना बायकोने चार रंगांच्या चार बाटल्या भरल्या. निळी नवऱ्याची, बाकीच्या आईंची, तिची आणि अकरा वर्षांच्या लेकीची.

गावामागून गावं गेली. प्रत्येक गावात तोच एक मुख्य रस्ता, टायरचं दुकान, धान्याचं गोदाम आणि खुर्चीत पेंगणारा न्हावी. मधे मैलोन्मैल शेतं. ठरल्या वेळी गाडी थांबली, रेडिएटर तपासून झाला. गृहस्थ झाडामागे जाऊन दोन मिनिटांत परत आले, आणि किल्ली फिरवताना त्यांनी विचारलं, "कुणाला काही हवंय का?"

"नाही, नाही," तिघींचा एकच सूर.

किती समजूतदार माणसं आपली, असं त्यांना वाटलं.

दुपारी साडेबाराला आई बोलेनाशा झाल्या. मग म्हणाल्या, "मला गरगरतंय रे."

"आई, थोडं धीरानं घे. शेवटचे साठ किलोमीटर राहिलेत."

पण आईंची मान नातीच्या खांद्यावर कलंडली. "बाबा, आजी डोळे उघडत नाहीये!" लेक किंचाळली. तक्ता गेला उडत! पुढचं गाव लागताच त्यांनी गाडी थेट दवाखान्याच्या दारात उभी केली.

दोन खोल्यांचा दवाखाना. चष्मा कपाळावर चढवलेल्या वयस्कर डॉक्टरीणबाईंनी आईंच्या हाताची कातडी चिमटीत धरून पाहिली, सलाईन लावलं आणि विचारलं, "सकाळपासून पाणी किती पोटात गेलंय?"

"भरपूर गेलं असेल. बाटली दिलीय ना!" गृहस्थ म्हणाले.

"असेल नको. ती बाटली आणा बघू."

घाबरलेल्या माणसाने चारही बाटल्या उचलून आणल्या आणि टेबलावर ठेवल्या. निळी रिकामी होती. बाकीच्या तिन्ही जवळजवळ काठोकाठ भरलेल्या.

"हे काय?" त्यांनी बायकोकडे पाहिलं. "पाणी प्यायलाच नाहीत?"

"प्यायलो तर जायचं कुठे?" बायको म्हणाली. इतका वेळ दाबून ठेवलेलं रडू तिला आता आवरेना. "तुम्हाला अख्खं रान मोकळं आहे. आम्हाला दार लागतं, दाराला कडी लागते. मागच्या सहलीत थांबा म्हटलं, तर वेळ बिघडेल म्हणालात. तेव्हापासून प्रवासात आम्ही पाणीच बंद केलं."

"आजीने मलाही शिकवलंय," लेक हळूच म्हणाली. "फक्त ओठ ओले करायचे. शाळेतही मी तसंच करते, बाबा. तिथल्या दाराला कडी नाहीये."

शाळेतही! रोज! अकरा वर्षांची पोर! आजवर लेकीच्या परीक्षेचे गुण त्यांनी तोंडपाठ ठेवले होते, पण हे ठाऊक नव्हतं. त्यांनी लेकीला जवळ घेतलं.

"गाडीचं पाणी दर दोन तासांनी बघता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हो. नाहीतर इंजिन तापतं."

"मग आत बसलेल्यांचं कोण बघणार? अहो, दर आठवड्याला अशा बाया येतात माझ्याकडे. कुणी चक्कर येऊन पडलेली, कुणाला लघवीची जळजळ. नाव उन्हाचं घेतात. आणि तुम्ही म्हणाल, मी विचारलं होतं. किल्ली फिरवत विचारलं होतं ना? ते विचारणं नव्हे!"

गृहस्थांनी फ्रिजवरून सोबत आणलेला तक्ता खिशातून काढला आणि टेबलावर पालथा ठेवला.

तास गेला, दुसरा गेला. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून गेले, आणि आयुष्यात प्रथमच या माणसाने घड्याळाकडे पाहिलं नाही. ते आईंचा हात धरून बसले होते.

चारच्या सुमारास आईंनी डोळे उघडले. "फाटक बंद झालं का रे?"

"होऊ दे, आई. तू बरी आहेस ना?"

"बरी आहे." मग सुनेला जवळ बोलावून त्या पुटपुटल्या, "मला जरा जाऊन यायचंय."

"झालं! काळजी मिटली!" डॉक्टरीणबाई टाळी वाजवून हसल्या. "याचीच वाट बघत होते. आणखी उशीर केला असता, तर मूत्रपिंडावर बेतलं असतं."

अशा बातमीने एवढं हायसं वाटू शकतं, हे गृहस्थांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आईंना तपासून परवानगी दिली, तेव्हा गृहस्थांनी तक्त्याच्या पाठीवर नवा तक्ता लिहून घेतला होता: कुठल्या पंपावर, कुठल्या वाचनालयात स्वच्छ शौचालय आहे. प्रत्येक ठिकाणी आधी ते स्वतः नळ आणि कडी तपासून येत. एके ठिकाणी कडी नव्हती, तर बाहेर पाठ करून पहाऱ्याला उभे राहिले. "माझा मुलगा शिपाई झाला!" आई हसून हसून बेजार झाल्या.

उद्यानातल्या पाणवठ्यावर हरणांचा कळप उतरला. एक हरीण मान उंचावून उभं राहिलं आणि बाकीची निवांत पाणी पीत राहिली.

"हे मात्र धड्यात नव्हतं," आई म्हणाल्या. त्यांनी आपली बाटली उघडली आणि गटागटा अर्धी संपवली. नातीनेही आपली तोंडाला लावली.

सुट्टी संपल्यावर गृहस्थ आधी लेकीच्या शाळेत गेले आणि मुख्याध्यापिकांसमोर कडी बसवून घेतली. मग डेपोत लांब पल्ल्याच्या गाड्यांचं वेळापत्रक काढलं. दहा मिनिटांचे थांबे वीस मिनिटांचे केले, आणि जिथे दाराला कडी नाही तिथला थांबा हलवला. "गाड्या उशिरा पोहोचतील," साहेब कुरकुरले.

"पोहोचतील, साहेब. पण आतली माणसं धड पोहोचतील," ते म्हणाले.

बंधूंनो, घरातली बाई मागत नाही म्हणून तिला गरज नाही, असं समजू नका. तिला मागायची सोय आपणच ठेवलेली नसते. पुढच्या प्रवासात अर्ध्या वाटेवर तिची बाटली एकदा उचलून बघा. जड लागली, तर गाडी थांबवा.