चूक नावाची फाइल

"आवं सर, घ्या की आनखी येक," म्हणत केरबा सुभेदारांनी निमिषच्या हातावर दुसरा कंदी पेढा ठेवला. "तुमीच शिकवलंय म्हनं आमच्या पोरीला."

निमिष हसला, आणि ते हसू त्याच्या गालांना दुखलं. सांगलीच्या त्याच कॉलेजात, त्याच्याच विभागात, त्याच्या मागून चार वर्षांनी लागलेल्या शिवांजलीनं परदेशातल्या एका मोठ्या जर्नलला पेपर पाठवला होता आणि तिथून 'दुरुस्त्या करा, मग बघू' असं उत्तर आलं होतं. एवढंच. निमिषचा पेपर त्याच जर्नलनं दोनदा परत केलेला, तिसऱ्याच दिवशी. पण सुभेदार मलकापुरात फ्लेक्स लावून मोकळेसुद्धा झाले होते.

"पर सर, ना बाटली, ना बर्नर. कंप्युटरवर कसली वो रसायनं?"

"आबा, खंबाटकीचा घाट धरा," शिवांजली म्हणाली. "रेणूला इकडनं तिकडं जाताना असाच घाट चढावा लागतो. त्याचा माथा कुठं, ते मी शोधते. माथा खरा असला की उत्तरात एकच उणे आकडा येतो. दोन आले की समजायचं, भलतीकडंच उभं आहोत."

आता हा घाट निमिषचा होता. पहिल्या दिवशी त्यानंच तो तिला फळ्यावर काढून दाखवलेला. आणि ही सांगत होती अशी, जणू घाट तिच्या घरामागंच आहे.

ती माणसं गेली तसा त्यानं पेढा ड्रॉवरमध्ये टाकला. मशीनवर त्याचं स्वतःचं गणित सहा दिवस चालू होतं. ते त्यानं मधेच तोडलं, सरळ तोडलं, आणि तिचा घाट लावला, तिच्यापेक्षा कडक पद्धतीनं. दुसरा उणे आकडा कुठंतरी असणारच. फाइलला नाव दिलं: चूक.

अकरा दिवस. रोज येऊन आधी स्क्रीन, मग चहा. लाइट गेली की यूपीएसजवळ जाऊन उभा राहायचा. स्वतःच्या गणितासाठी तो असा कधी उभा राहिला नव्हता.

बाराव्या दिवशी उत्तर आलं. उणे आकडा एक. त्यानं तीनदा वर-खाली पाहिलं. एकच.

दोन दिवसांनी शिवांजली दारात आली, चेहरा उतरलेला. "सर, रिव्ह्यूअर अडून बसलेत. म्हणतात, कडक पद्धतीनं करा, दोन उणे निघतील. वाढवून घेतलेली मुदत संपायला चार दिवस आहेत, आणि हे चालायला अकरा लागतात. मागं घेते पेपर."

निमिष नुसता गप्प बसला असता, तरी पेपर गेला असता. बाकी काहीच करायची गरज नव्हती.

"फ्लेक्स कुठं लावलाय?" त्यानं विचारलं.

"एसटी स्टँडसमोर. माझा फोटो बारका, आबांचाच मोठा."

त्याला खरंच हसू आलं. "जा, पेन ड्राइव्ह आण."

ती येईपर्यंत तो फाइल उघडून बसला. वरच्याच ओळीत फाइलचं नाव आणि गणित लावल्याची तारीख. खोडायला दोन मिनिटं. पण उत्तरातल्या एका अक्षराला जरी हात लागला तरी ते उत्तर राहत नाही, हेही त्यानंच तिला शिकवलेलं. घाटासारखंच.

तिनं तिथंच फाइल उघडली. एकच उणे आकडा बघून डोळे मिटले, लांब श्वास सोडला. मग वर गेली. नाव वाचलं. तारीख वाचली.

"हा तर पेढ्यांचा दिवस," ती म्हणाली.

"हो."

"सर, आभारात तुमचं..."

"फाइल आहे तशी पाठव. आभाराचं तू बघ."

रोज निघताना 'येते सर' म्हणणारी शिवांजली आज काही न बोलता गेली.

निमिषनं ड्रॉवर उघडला. पेढ्याचा दगड झाला होता. तो गालात धरून त्यानं आपलं तोडलेलं गणित पुन्हा लावलं. स्क्रीनवर आलं: पायरी पहिली.