टाकीच्या तोंडाशी

“सोडा मला! दादा खाली पडलाय!”

धाकट्याने पंपमिस्त्रीच्या मनगटाला कडकडून चावा घेतला, तरी मिस्त्रीने त्याच्या कमरेची मिठी सैल केली नाही. कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीत पंप गाळात रुतला होता. “हवा सोडल्याशिवाय उतरू नकोस,” असं थोरल्याला बजावून मिस्त्री ब्लोअर आणायला गेला. तेवढ्यात थोरला उतरला. आता तो शिडीच्या पायथ्याशी पालथा पडला होता. हलत नव्हता.

“खाली विषारी वायू आहे. तू गेलास की तूही मरशील, मग तुला काढायला तिसरा उतरेल!” मिस्त्री ओरडला. मग धावत आलेल्या कामगारांना म्हणाला, “अरे, धरा याला! अग्निशमनला फोन लावा. ब्लोअर चालू करा, पाइप खाली सोडा!”

हे मिस्त्रीला कुणी शिकवलं नव्हतं. सातवी नापास माणूस. अकरा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी बायकोच्या आजाराचं नाव सांगितलं, तेव्हा त्याने नुसती मान डोलावली. काही न समजता डोलावलेली ती मान, बायको गेल्यावर, त्याला फार छळू लागली. त्याने वाचनालयात नाव घातलं. “गोष्टीबिष्टी नकोत, खरं काय ते सांगणारं द्या,” म्हणाला. रोज जेवणाच्या सुट्टीत दहा पानं : शरीर, माती, वीज, अपघात. सुरुवातीला एका पानातच सुट्टी संपे. लोक हसत. थोरला तर डबा उघडतानाच विचारी, “काय पंडित, आज जगात काय नवीन?” आणि खरोखर ऐकत बसे. टाक्यांमधल्या वायूचंही त्याने ऐकलं होतं. “आम्ही जन्मभर अशाच टाक्या उपसल्यात,” म्हणून हसण्यावारी नेलं होतं.

बावीस मिनिटांनी पाठीवर हवेची नळकांडी बांधलेले जवान आले. थोरल्याला वर काढलं, तेव्हा सगळं संपलं होतं.

पहिल्या काही श्वासांतच गेला असणार, असं डॉक्टर म्हणाले. मिस्त्रीला हे पुस्तकातूनही ठाऊक होतं. तरी ती बावीस मिनिटं त्याच्या घशाखाली उतरेनात. त्यातली पहिली पाच-सात मिनिटं थोरल्यात जीव असला तर?

आठवड्याने तो त्या भावांच्या घरी गेला. तिसरा मजला. धाकट्याने त्याला पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

“माझ्या भावाला मरताना बघत उभा राहिला हा,” तो भिंतीशीच बोलला. “याला सांग आई, पुन्हा येऊ नको म्हणावं.”

म्हातारी उठली. मिस्त्रीला सोडायला दारापर्यंत आली. धाकट्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, “दोन्ही गेले असते रे.”

मिस्त्री जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरला. रस्त्यावर पोचेपर्यंत वर दार लागल्याचा आवाज आला नाही.