पुढची सीट

आमच्या काळीपिवळीत पुढे ड्रायव्हरशेजारी तिघं बसतात. दारापाशी मानाचा माणूस, गियरपाशी एखादा सडपातळ आणि मधे कुणीही. बायका मागे. असं कुठे लिहून ठेवलेलं नाही. लिहायची वेळच कधी आली नाही.

साखरेनं माझ्या मालकांची, म्हणजे नवऱ्याची, नजर अधू झाली आणि डॉक्टरांनी त्यांचं स्टेअरिंग बंद केलं. मी माहेरी ट्रॅक्टर चालवलेला. पॅसेंजर गाडीचं लायसन काढलं आणि सेनगाव-हिंगोलीला नंबर लावला. मालक म्हणाले, "आठ दिस बघ. डिझल निघालं न्हाई तर वारंगा फाट्याचा जुबेर गाडी घ्यायला तयार हाय."

गाडी गेली की मी परत लोकांच्या सोयाबीनमध्ये. खुरप्यावर माझा राग नाही. पण रोज सकाळी दुसऱ्याच्या दारात उभं राहून "आज काम हाय का?" विचारायचा मला मनापासून वीट आला होता.

पहिल्या दिवशी गाडीची मागची बाजू भरली, पुढची भरेना. वाटेत नर्सीला व्यंकटराव उभे होते. पंचायत समितीचे माजी सदस्य. दारापाशची सीट बारा वर्षं त्यांचीच. त्यांनी आत डोकावून विचारलं, "ड्रायव्हर कुठं गेला?"

"मीच हाय, काका."

"अस्सं. मला जरा काम हाय." ते काम त्यांनी तिथंच उभं राहून पुढची जीप येईपर्यंत केलं.

माझ्या विरोधात कुणीच नव्हतं. सगळे म्हणत, नीलाबाई गाडी बराबर चालवते. फक्त बाईशेजारी बसणं बरं दिसत नाही म्हणत. तीन सीटा रिकाम्या गेल्या की खेपेत काही उरत नाही. तरी रोज स्टँडवर मीच ओरडत होते, "बायांनो, मागं सरका, पुढं मानसं येतील!" माणसं येत नव्हती. मी चार दिवस जागा राखून ठेवली. एवढा मूर्खपणा मी एरवी कधी केला नाही.

पाचव्या दिवशी सासूबाई, मंजुळाबाई, दात दाखवायला हिंगोलीला निघाल्या. मागे जागा नव्हती. मी सवयीनं म्हटलं, "आत्याबाई, जरा दाटून बसा."

"पुढं रिकामं हाय की," त्या म्हणाल्या आणि दारापाशी चढून बसल्या. पोराच्या गाडीत आजवर त्या मागे, फळीवर, दाराकडे तोंड करून बसायच्या. नर्सीपर्यंत गाल धरून समोर बघत होत्या. मला वाटलं, दात ठणकतोय.

मग म्हणाल्या, "नीला, रस्ता असा म्होरून येतो व्हय? मी आजवर जातानाच पाह्यला."

मला रडू आलं. एसटीला साईड द्यायची होती म्हणून आवरलं.

परत येताना मी हाक बदलली. "पुढं या, बायांनो!" दुसऱ्या दिवशी गावातली अफसाना गियरपाशी बसली, बाजाराची पिशवी पायाशी घेऊन. पार्वतीबाई मधे. दारापाशी सासूबाई. त्यांचा एकच दात दुखत होता, पण त्या रोज दाखवायला येऊ लागल्या. पुढची जागा भरली तशी माणसं निमूट मागे बसू लागली. त्यांना पोचायचं होतंच.

आठव्या दिवशी मालक स्टँडवर आले, काखेत गाडीच्या कागदांची पिशवी. पहिल्या चार दिवसांचं डिझेल अजून निघालं नव्हतं, आणि जुबेर हिंगोलीला थांबणार होता. गाडी विकायला ते त्याच गाडीनं निघाले. दारापाशी आले, आईकडे पाहिलं. आई समोर काचेतून रस्ता बघत होती. मालक मागे जाऊन फळीवर बसले.

नर्सीला व्यंकटराव चढले. कोर्टाची तारीख होती, दुसरी जीप नव्हती. मालकांसमोर गुडघे दुमडून बसत म्हणाले, "कोंडीबा, स्वतःची गाडी अन् तू मागं काहून?"

"पुढं जागा न्हाई," मालक म्हणाले.

मी गियर टाकला. हिंगोलीला उतरल्यावर ही गाडी कुणाची असेल ते मला ठाऊक नव्हतं.

स्टँडवर जुबेर पुढे आला. "आओ कोंडीबाभाई. कागद आणले का?"

"आणले," मालक म्हणाले. त्यांनी पिशवी खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवली. "पर हिला परतीचा नंबर लावायचा हाय. तू चल, चा पिऊ."

मग खिशातून सेनगाव-हिंगोलीचं भाडं काढून त्यांनी माझ्यासमोर धरलं. बारा वर्षं मी ह्यांच्या गाडीत फुकट बसले होते, मागे.

मी भाडं घेतलं.